छत कापा, काच राखा

"हा खून आहे."

पुण्यात एका रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. चहाच्या टपरीपाशी मी एका काकांना फोनवर एक फोटो दाखवला. फोटोत १९५१ सालची मर्क्युरी कूपे होती आणि तिचं छत तिच्यावर नव्हतं. खिडक्यांच्या मधोमध कापून ते शेजारी दोन स्टँडवर ठेवलं होतं. उचललेल्या कुकरच्या झाकणासारखं. काकांनी फोटो झूम केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि निकाल दिला. वर म्हणाले, "अरे, अशा गाडीला हात लावायचा नसतो. ती पुसायची असते."

तेव्हा मी हसून फोन खिशात टाकला. वयानं मोठा माणूस, त्यात चहा त्यांनीच पाजलेला. पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं, कारण असं बोलणारे काका एकटे नाहीत. जुनी वस्तू म्हणजे पुसायची वस्तू, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. आता तर ते कायद्यातही उतरलंय. म्हणून तेव्हा जे बोललो नाही ते इथे सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे: जुन्या गाडीचं छत कापणं हा गुन्हा नाही. पण कापणाऱ्यानं मागची मूळ काच राखली पाहिजे. हे दोन्ही एकत्र ज्याला जमतं, त्याला ती गाडी पुसणाऱ्यापेक्षा जास्त कळलेली असते.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. अमेरिकेत याला 'चॉप' म्हणतात. गाडीचे खांब, म्हणजे पिलर, आडवे कापायचे, मधला काही इंचांचा तुकडा काढून टाकायचा आणि छत खाली आणून पुन्हा वेल्ड करायचं. सुरुवात झाली वेगासाठी. दक्षिण कॅलिफोर्नियात मुरॉकसारखे कोरडे तलाव आहेत, मैलोन् मैल सपाट. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून पोरं तिथे जुन्या फोर्ड पळवायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांची एक संघटनाही झाली. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर हवेपुरती तरी आठपट ताकद लागते. खिशात पैसे नाहीत, मोठं इंजिन परवडत नाही, मग काय करायचं? गाडी हवेत जेवढी उभी राहते तेवढं क्षेत्रफळ कमी करायचं. छत खाली आणायचं. त्याला लागायची करवत, वेल्डिंगचा गॅस आणि मित्रांचे दोन जास्तीचे हात.

युद्धानंतर हेच काम दिसण्यासाठी होऊ लागलं. लॉस एंजेलिसजवळच्या लिनवूडमध्ये सॅम आणि जॉर्ज या बॅरिस भावांचं गॅरेज होतं. १९५२ साली बॉब हिरोहाता नावाच्या तरुणानं आपली मर्क्युरी त्यांच्याकडे दिली. छत पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच खाली आलं. दरवाज्यामागचा खांबच काढून टाकला. वर फिकट हिरवा रंग. पुढच्या वर्षी हिरोहाता ती गाडी स्वतः चालवत कॅलिफोर्नियाहून इंडियानापोलिसला गेला आणि त्या प्रवासाबद्दल त्यानं मासिकात लिहिलं.

आता यातला एक तपशील काकांना सांगायला हवा. ती गाडी १९५१ ची होती आणि काम झालं १९५२ ला. म्हणजे छत कापलं तेव्हा ती 'क्लासिक' नव्हतीच. जवळपास नवी गाडी होती, आज कुणी वर्षभर वापरलेली सेडान कापावी तशी. 'क्लासिक' हा शब्द तिला नंतर चिकटला. आणि तो चिकटला तो कापलेल्या गाडीला. १९५९ मध्ये एका किशोरवयीन मुलानं ती ५०० डॉलरला विकत घेतली, अनेक वर्षं जपली आणि पुढे तिची डागडुजी करून ती पूर्वीसारखी केली. पूर्वीसारखी म्हणजे कशी? फॅक्टरीतून निघाली तशी नाही. १९५२ ला लिनवूडमधून निघाली तशी. आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदणीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिच्यावर साडेएकोणीस लाख डॉलरची बोली लागली. पेबल बीचला, जिथे जगातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांच्या गाड्या हिरवळीवर मिरवतात, तिथे १९९७ पासून हॉट रॉडसाठी वेगळा वर्ग आहे. २०१५ मध्ये तर खास या १९४९ ते १९५१ च्या कस्टम मर्क्युरींसाठी वर्ग ठेवला होता.

काकांच्या हिशेबानं या सगळ्या खुनी माणसांच्या गाड्या. आणि त्या हिरवळीवर.

आता काचेकडे येतो. खरं भांडण तिथे आहे.

मी कंपनीच्या कामासाठी आठ महिने सॅन होजेला होतो. ज्या घरात भाड्यानं राहत होतो त्याच्या समोर एक निवृत्त मशिनिस्ट राहायचे. फोटोतली मर्क्युरी त्यांचीच. शनिवारी त्यांच्या गॅरेजचं शटर वर गेलं की मी कॉफी घेऊन पलीकडे जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा छत उतरवलेलं होतं, सीटा बाहेर होत्या, सगळीकडे खडूच्या खुणा होत्या. मी विचारलं, मागची काच कुठेय? ते मला घरात घेऊन गेले. पाहुण्यांच्या खोलीत, पलंगावर, रजईत गुंडाळून ती काच झोपवली होती. खोलीच्या दाराला बाहेरून कडी. नातवंडं येतात म्हणून.

त्यांच्यासाठी गाडीत एकच गोष्ट अशी होती जी करवतीखाली जाणार नव्हती.

का, ते समजायला तुमच्या हातातला फोन पुरे. त्यावर टेम्पर्ड ग्लास लावलेली असेल. ती मापाला थोडी मोठी आली तर कापून बसवता येते का? नाही. चरा पडायची खोटी, की जाळी होते. गाडीच्या टेम्पर्ड काचेचं तत्त्व तेच. काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसू पाहतो. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला कायम ताणाखाली राहतो. या रस्सीखेचीतून काचेला ताकद मिळते. कापायला गेलात की रस्सीखेच मोडते आणि एका क्षणात सगळ्या काचेचा खडीसाखरेसारखा चुरा होतो. जिथे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो ती लॅमिनेटेड काच कसबी माणूस कापू शकतो. सपाट असेल तर सहजच. मर्क्युरीची मागची काच सपाटही नाही. ती कोपऱ्यांकडे वळत गेलेली आहे.

म्हणजे छत चार इंच खाली आलं तरी मागची काच खाली येत नाही. ती जेवढी होती तेवढीच राहणार. मग काय करायचं?

सोपे रस्ते आहेत. काच फेकून द्यायची आणि अॅक्रिलिकची शीट वाकवून लावायची. पहिल्या दिवशी फोटो छान येतो. मग तिच्यावर ओरखडे उठतात, हळूहळू ती धूसर होते. किंवा मागचं छिद्रच पत्र्यानं बुजवत आणायचं आणि एक चपटी फट ठेवायची, टपालपेटीला असते तशी. छत कापणाऱ्यांत असे खूप आहेत आणि काकांचा राग त्यांच्यावर असेल तर मी काकांच्या बाजूनं उभा आहे. ज्याला गाडीतलं काहीच अडत नाही, त्याला गाडी दिसलेलीच नाही. त्याला फक्त फोटो दिसलाय.

अवघड रस्ता असा: काच तीच ठेवायची आणि ती पुढे झुकवायची.

थोडी शाळेची त्रिकोणमिती करू. समजा काच तिच्या उतारावर ४० सेंटिमीटर लांब आहे आणि आडव्या रेषेशी ६० अंशांत उभी आहे. तिची उभी उंची झाली ३४.६ सेंटिमीटर. छत १० सेंटिमीटर खाली आणायचं म्हणजे तिला २४.६ मध्ये बसायचंय. लांबी बदलायची नाही, म्हणजे कोन बदलणार: ३८ अंश. तेवढं झुकवल्यावर काचेची वरची कड साधारण साडेअकरा सेंटिमीटर पुढे सरकते. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे. पण त्या साडेअकरा सेंटिमीटरमध्ये सगळं रामायण आहे. कारण काचेची कड पुढे आली की छताची मागची बाजू आखूड करावी लागते. तिथून डिकीकडे उतरणारा सगळा पत्रा नव्यानं घडवावा लागतो. बाजूच्या खिडक्यांची रेषा त्याच्याशी जुळवावी लागते. इकडे पुढचे खांब तिरके असतात, त्यामुळे छत सरळ खाली आणलं की कापलेल्या टोकांचा मेळ बसत नाही. एक तर खांब अजून झुकवा, नाही तर छत मधून चिरून पट्टी घाला. मागे एक कोन हलवला की पुढपर्यंत सगळी गाडी हलते.

माझ्या कामातलं सांगायचं तर, एक जुनं मॉड्यूल असतं. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं, त्याला हात लावायचा नाही, कारण शंभर ठिकाणी ते वापरलंय. नवा पोरगा येतो आणि म्हणतो, हे सगळं फेकून पहिल्यापासून लिहू. जाणता माणूस म्हणतो, हे असंच राहणार, आता आपण आपलं काय वळवायचं ते बघू. मी तीन वर्षं तो नवा पोरगा होतो. एकदा तसं फेकून लिहिलंही. त्या रिलीजच्या रात्री पहाटे चारपर्यंत जागून जुनं परत आणावं लागलं होतं.

समोरचे आजोबा हे काम कसं करत होते ते मी शनिवारमागून शनिवार पाहिलं. मागच्या काचेभोवतालची पत्र्याची चौकट त्यांनी एकसंध कापून काढली, एखाद्या खिडकीची चौकट भिंतीतून अलगद सोडवावी तशी. तिच्या वळणाला धक्का लागू द्यायचा नव्हता. वेल्डिंगच्या आचेनं पत्रा ओढला जातो, म्हणून आधी नुसते टाके. एक टाका इथे, मग हातभर लांब तिथे, मग थांबायचं, थंड होऊ द्यायचं. मधूनच रजई उलगडायची, दोघांनी काच धरून चौकटीत टेकवून बघायची, परत रजईत. चौकट एखाद्या कोपऱ्यात किंचित पिळली गेली तर काच बसताना तिथेच जोर येणार आणि ती फुटणार. एका शनिवारी सहा तासांत त्यांनी वेल्डचे फक्त काही टाके घातले आणि दोन तोडले. मी म्हटलं, आज काहीच झालं नाही. ते म्हणाले, काच फुटली नाही ना?

यात एक व्यवहाराची बाजूही आहे, आणि ती मला सगळ्यात पटते. मूळ काच ठेवली की मूळ चौकट राहते, मूळ मापाचं रबर बसतं. उद्या दगड लागून काच फुटली तर दुसऱ्या एखाद्या १९५१ च्या कूपेची काच आणून लावता येईल. गाडी कितीही बदलली तरी तिचं माहेर तुटत नाही. अॅक्रिलिकवाल्याची गाडी मात्र एकटी पडते. तिचा तुकडा जगात दुसऱ्या कुठल्याच गाडीवर नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे सगळं त्रिकोणमितीशिवाय कळतं. जुनी इरकल मधून विरली की ती पेटीत घालून डांबराच्या गोळ्या टाकून ठेवत नाहीत. नातीसाठी तिचं परकर-पोलकं शिवतात. कात्री बेधडक चालते. पण शिंप्याला बजावून सांगितलेलं असतं: काठ कापायचा नाही. मग शिंपी घेर काठावरून ठरवतो, उंची काठावरून ठरवतो, चुण्या कुठे घ्यायच्या तेही काठावरून. नात ते घालून अंगणात पळते तेव्हा कुणी म्हणत नाही की साडीचा खून झाला. सगळे म्हणतात, अगं, ही तुझ्या पणजीची इरकल ना! काठावरूनच ओळखतात.

मर्क्युरीची मागची काच हा तिचा काठ आहे.

आता काकांच्या बाजूचे मुद्दे. काही खरे आहेत. पहिला, सुरक्षेचा. खांब कापून जोडलेली गाडी उलटली तर जोड टिकतील का? वेल्डिंग वाईट असेल तर नाही टिकणार. झुकवलेल्या काचेतून मागचं कमी दिसतं, हेही खरं. दुसरा, दुर्मिळतेचा. जगात चार-पाचच उरलेली एखादी गाडी कुणी कापायला घेतली तर मीही करवतीसमोर आडवा होईन. पण मर्क्युरी लाखोंनी बनल्या. आजोबांनी घेतलेली गाडी एका शेतात गंजत पडली होती, छताच्या कडा कुजलेल्या. ती कुणी पुसणार नव्हतं. ती भंगारात जाणार होती.

या दोन्ही मुद्द्यांना उत्तर एकच: तपासा. जर्मनीत गाडीत मोठा बदल केला तर अधिकृत तपासनीस तो बदल बघतो, मान्य झाला तर गाडीच्या कागदांवर त्याची नोंद होते. वाईट काम नापास, चांगलं काम पास. आपण मात्र प्रश्नच मिटवून टाकलाय. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. रस्त्यावर डोळे दिपवणारे दिवे आणि सायलेन्सर उपटलेल्या बुलेट बघितल्या की अशी कडक भूमिका का घ्यावी लागते ते समजतं. पण मग २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

म्हणजे बघा. हिरोहाताची ती मर्क्युरी, जिला तिच्या देशानं ऐतिहासिक वारसा मानलं, ती उद्या कुणी मुंबई बंदरात उतरवली तर आपल्या नियमानं ती वारसा ठरणार नाही. बॉडी शेल कापलेलं आहे ना! सत्तर वर्षांपूर्वी दोन भावांनी हातानं घडवलेली रेषा आपल्या लेखी 'छेडछाड' आहे आणि असेंब्ली लाइनवर पडलेला साचा 'मूळ'. फॅक्टरीनं केलं ते खरं आणि गॅरेजमध्ये झालं ते खोटं, हा कुठला न्याय? यात जुन्या गाडीवरचं प्रेम कमी आणि कारागिरावरचा अविश्वास जास्त आहे. ज्याच्या हातात हातोडी आहे तो बिघडवणारच, असं आपण धरून चाललोय. आणि हे त्या देशात, जिथे गल्लीतल्या डेंटरनं चेपलेला दरवाजा दोन दिवसांत असा काढून दिलाय की शोरूमवाल्यालाही जोड सापडू नये. त्या हातांना आपण फक्त पोचे काढायला ठेवलंय. नवीन काही घडवायची परवानगी त्यांना नाही.

नियम बदलायचाच असेल तर माझी सूचना छोटी आहे. 'बदल केला का' एवढंच विचारू नका. काय राखलं, कसं जोडलं, कुणी तपासलं, हे विचारा.

निघायच्या आधीच्या शनिवारी आजोबांनी मला बोलावलं. पत्र्याचं काम झालं होतं, प्रायमर मारला होता, गाडी करड्या रंगात उभी होती. काच बसवायची होती. काचेच्या कडेला रबर चढवलं, रबराच्या खाचेत चारी बाजूंनी दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. मी बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबून धरली. ते आत बसून दोरीचं टोक हळूहळू ओढत होते. दोरी जशी सुटत जाते तशी रबराची कड चौकटीच्या आतल्या बाजूला चढत जाते. वरच्या डाव्या कोपऱ्यात एकदा 'टक्' असा आवाज झाला आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. रबर बसल्याचा आवाज होता. शेवटची वीतभर दोरी निघाली तेव्हा माझे हात थरथरत होते. मी काढले नाहीत. त्यांनी आतून काचेवर टकटक केलं तेव्हा काढले.

पुढच्या मेळाव्यात काका भेटले की त्यांना तोही फोटो दाखवणार आहे. आणि मग त्यांच्या फियाटपाशी जाऊन, आदर राखून, एवढंच विचारणार आहे: काका, हा मेटॅलिक रंग कंपनीचा का हो?